ताकद कुठं पाहिजे?

टू-स्ट्रोक गाडी घेऊन कुणी दुकानात आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "भाऊ, गाडी पळाली पाहिजे." मी विचारतो, कुठं? हायवेवर, लळिंगच्या चढावर, गिरणेच्या वाळूत, की कॉलेजच्या गेटसमोर? बहुतेक पोरं हसतात आणि म्हणतात, सगळीकडे. तिथूनच आमची घासाघीस सुरू होते. 98 सीसीच्या इंजिनात सगळीकडे पुरेल इतकी ताकद नसते. थोडी वाढवता येते, पण मुख्य काम असतं ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवण्याचं. वरच्या आरपीएमला हवी असेल तर खालची जाते. दुसऱ्या गिअरमध्ये ट्रॅक्टरच्या मागं रेंगाळायचं असेल, बायको-पोरांना बसवून एरंडोलला जायचं असेल, तर त्या गाडीच्या ब्लॉकला कानस लावू नये. हे ऐकून अर्धी गिऱ्हाइकं नाराज होतात. काही उठून दुसऱ्याकडे जातात. जाऊ देतो.

मी धंद्यानं बोअरिंगवाला. धुळ्याला आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड केला आणि आग्रा रोडच्या बाजूला एका मिस्तरींकडे लेथवर उभा राहिलो. पुढं जळगावला स्वतःचं दुकान टाकलं. शर्यतीच्या गाड्या वगैरे तेव्हा डोक्यातही नव्हत्या. मिस्तरींकडे कामं यायची ती शेतकऱ्यांच्या ऑइल इंजिनांची, आग्रा रोडवरच्या ट्रकांची, रिक्षांची आणि दूधवाल्यांच्या राजदूतची. ती जुनी 175 सीसीची राजदूत मुळात पोलंडच्या एका गाडीवरून घेतलेली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मागं गवताचा भारा, आणि सायलेन्सरमधून निळा धूर. ती पळायची नाही, पण थांबायचीही नाही. रिंगा झिजून पार पत्रा झालेल्या असल्या तरी दूध डेअरीत वेळेवर पोचायचं.

मिस्तरींनी पहिली शिकवण दिली ती मापाची. ब्लॉकमध्ये बोअर गेज वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी घालायचं, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं दोन वेळा. झीज सगळीकडे सारखी नसते. पिस्टन ज्या बाजूला रेलतो तिथं बोअर लांबट होतो. आमच्या खात्यात अजूनही थाऊ चालतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. हवेवर थंड होणाऱ्या छोट्या टू-स्ट्रोकला पिस्टन आणि ब्लॉक यांच्यात दीड ते दोन थाऊ जागा ठेवायची. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर चार-पाच शतांश. कमी ठेवली तर पिस्टन जाम होतो, जास्त ठेवली तर खडखडतो आणि रिंगा लवकर जातात.

आता यात खानदेशचं ऊन आणा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढं जातो. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गिऱ्हाइकानं डिकीत ठेवून आणलेला पिस्टन आणि दुकानाच्या गार फरशीवर पडलेला ब्लॉक यांच्या तापमानात 20 अंशांचा फरक असला, तर 50 मिलिमीटरचा पिस्टन मापात दोन शतांशांनी मोठा भरतो. ठेवायची एकूण जागा चार-पाच शतांश आणि मापातच दोनचा घोळ! म्हणून मिस्तरींच्या दुकानात पिस्टन आणि ब्लॉक रात्रभर एकाच फळीवर ठेवायचे आणि सकाळी, उन्हं वर यायच्या आधी माप घ्यायचं, असा नियम होता. गिऱ्हाईक तासात काम मागायचं. मिस्तरी म्हणायचे, "घाई शे ना भो, मग बसमा जाय." माझ्या दुकानात तो नियम अजून आहे.

मग आली आरएक्स 100. 1985 साली यामाहाची ही गाडी एस्कॉर्ट्समार्फत आपल्याकडे आली आणि 1996 पर्यंत बनत राहिली. 50 चा बोअर, 50 चा स्ट्रोक, 7500 फेऱ्यांना 11 अश्वशक्ती. आकडा आज कुणाला किरकोळ वाटेल. पण गाडीचं वजन होतं शंभर किलोच्या आसपास आणि इनटेकला रीड व्हॉल्व, म्हणजे पातळ पात्यांची एकमार्गी झडप. पिस्टन खाली येताना आत आलेली हवा-पेट्रोल उलटी कार्बोरेटरकडे जात नाही, त्यामुळे खालच्या आरपीएमलाही गाडीत जीव असतो. राजदूत आणि येझदीच्या सवयीच्या माणसांना ती पहिल्यांदा हातात आली तेव्हा काहींचं पुढचं चाक उचललं गेलं. धुळ्याच्या देवपुरात आणि जळगावच्या रिंग रोडला संध्याकाळी तिचा आवाज लांबून ओळखू यायचा.

आणि मग ती पोरं माझ्याकडे यायला लागली, कारण जाम झालेला पिस्टन शेवटी बोअरिंगवाल्याकडेच येतो. जाम का झाला हे शोधता शोधता मी ट्यूनिंगमध्ये शिरलो. पुण्याहून कुणीतरी गॉर्डन जेनिंग्सच्या टू-स्ट्रोक ट्यूनिंगवरच्या पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्या होत्या. 1973 चं पुस्तक, इंग्रजी, पानं अर्धी काळी. शब्दकोश आणि आकृत्या यांच्या जोरावर ते मी वाचलं. त्यातली गणितं माझ्या लेथच्या गणितापेक्षा अवघड नव्हती. हे काम अंदाजानं करायचं नसतं, हे मात्र त्यातून पक्कं झालं.

फोर-स्ट्रोकला व्हॉल्व असतात, टू-स्ट्रोकला फक्त सिलिंडरच्या भिंतीतली भोकं. पिस्टन खाली सरकला की आधी एक्झॉस्टचं भोक उघडतं, जळका धूर बाहेर जातो, मग ट्रान्सफरची भोकं उघडतात आणि खालून नवा चार्ज, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, वर येतो. पिस्टन वर जाताना सगळं उलट्या क्रमानं बंद. ही भोकं किती उंचीवर आहेत यावर इंजिनाचा स्वभाव ठरतो. एक्झॉस्टच्या भोकाची वरची कड एक मिलिमीटर वर नेली, तर आरएक्समध्ये ते साधारण सव्वादोन अंश आधी उघडतं आणि तेवढंच उशिरा बंद होतं. एकूण साडेचार अंश. हे साडेचार अंश वर, आठ हजारांच्या पुढं कामाला येतात. खाली तेच पोटातला चार्ज बाहेर सांडतात. गाडी चढाला बसते, पेट्रोल जास्त पिते, आणि मालक सांगत फिरतो की मिस्तरीनं गाडी बिघडवली.

अंश मोजायला विकतची डिस्क आमच्याकडे नव्हती. कंपासपेटीतले दोन कोनमापक पत्र्यावर चिकटवून मी चकती केली होती. ती मॅग्नेटोच्या बाजूला क्रँकवर बसवायची, तारेचा काटा लावायचा, आणि पिस्टन हातानं फिरवत भोक कधी उघडतं ते पाहायचं. कानस लावायच्या आधी भोकाच्या कडेला निळं लावून रेघ ओढायची. आणि रुंदी वाढवताना लोभ धरायचा नाही. एक्झॉस्ट बोअरच्या साठ-पासष्ट टक्क्यांपेक्षा रुंद केला की रिंग त्या भोकात बाहेर फुगते आणि कडेला अडकते. टू-स्ट्रोकच्या रिंगेला खाचेत एक पिन असते, रिंगेची टोकं फिरून भोकासमोर येऊ नयेत म्हणून. काही हौशी कारागीर भोक इतकं फाकवतात की पिनेचा हेतूच उरत नाही. कानशीनं काम झालं की प्रत्येक भोकाची कड मऊ करायची. या शेवटच्या कामाला वेळ लागतो आणि ते दिसत नाही, म्हणून ते टाळलं जातं. तुटलेल्या रिंगा घेऊन आलेल्या ब्लॉकांत बोट फिरवलं की कड चाकूसारखी लागते, आणि पुढं काही विचारायची गरज पडत नाही.

हेडचं कामही असंच. हेड लेथवर घासून कॉम्प्रेशन वाढवणं हा सर्वांत स्वस्त उपाय, त्यामुळे सर्वांत जास्त केला जाणारा. पण किती घासलं हे मापायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार कडेपर्यंत सारून क्रँक फिरवायची, आणि चेपलेल्या तारेची जाडी व्हर्निअरनं घ्यायची. मिलिमीटरभर राहिली तर ठीक. हे न करता नुसतं 'दोन सूत घास' म्हणणारे लोक मी पाहिलेत. दोन सूत म्हणजे पाव इंच!

सायलेन्सरची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण टू-स्ट्रोकची खरी जादू तिथं आहे.

फोर-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर आवाज दाबतो आणि धूर बाहेर नेतो. टू-स्ट्रोकमध्ये तो इंजिनाचा भाग असतो. एक्झॉस्ट उघडला की दाबाची लाट नळीतून पळत सुटते. पुढं नळी शंकूसारखी फाकत गेली असेल, तर त्या फाकण्यामुळे उलटी, ओढणारी लाट परत येते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर उपसते. पण त्या ओढीत थोडा ताजा चार्जही बाहेर जातो. म्हणून पुढं दुसरा शंकू, निमुळता होत जाणारा. त्याच्यावर आपटून दाबाची लाट माघारी येते आणि बाहेर सांडलेला चार्ज एक्झॉस्ट बंद व्हायच्या क्षणी पुन्हा आत ढकलते. नऊ हजार फेऱ्यांना क्रँकचा एक फेरा पावणेसात मिलिसेकंदांत होतो, त्यातला एक्झॉस्ट उघडा असण्याचा काळ साडेतीन मिलिसेकंद. गरम धुरात लाट सेकंदाला सुमारे 500 मीटर धावते. म्हणजे जाऊन-येऊन पावणेदोन मीटर. शंकूंची लांबी या हिशेबात बसली तर इंजिन एकदम उसळतं, चुकली तर त्याच लाटा विरुद्ध काम करतात. म्हणूनच ट्यून केलेली टू-स्ट्रोक एका ठरावीक आरपीएमला अंगात आल्यासारखी सुटते आणि त्याच्या खाली मेल्यासारखी चालते.

हे शास्त्र पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरनं 1950 च्या दशकात पक्कं बसवलं. युद्धाच्या काळात हा माणूस पेनेम्युंडेला, जर्मन अग्निबाणांच्या तळावर कामाला होता. 1961 पर्यंत त्यानं 125 सीसीतून 25 अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरला 200. तेव्हा हे कुणाला जमलं नव्हतं. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला आणि काडेनची विद्या सुझुकीच्या हाती लागली. पुढच्याच वर्षी सुझुकीनं 50 सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं, गाडीवर डेग्नरच होता. काडेनकडे पैसे नव्हते, चांगलं पोलादही नव्हतं. शिवाय कारखाना सरकारी. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

आमच्याकडे हे शंकू करायचा कोण? भुसावळकडचा एक कूलरवाला. उन्हाळ्यात त्याला श्वास घ्यायला वेळ नसायचा, पत्र्याचे कूलर रस्त्यावर रांगेनं उभे. पाऊस पडला की हात मोकळे. बाकी वर्षभर तो धान्याच्या कोठ्या आणि नरसाळी करायचा, आणि नरसाळी करणाऱ्याला शंकूचा उलगडा शिकवावा लागत नाही. मी कागदावर व्यास आणि लांबी लिहून द्यायचो. तो पत्र्यावर कंपासनं दोन कमानी ओढायचा, कात्रीनं पंखा कापायचा, पहारीवर वाकवायचा. गॅस वेल्डिंगची शिवण इतकी बारीक की आतून हात फिरवला तरी टोचायची नाही. त्यानं कधी शर्यत पाहिली नाही. पहिला पाइप बसवून गाडी चालू केली तेव्हा तो म्हणाला, "आवाज तर फाटेल शे." त्याला वाटलं, काम बिघडलं.

आवाजावरून आठवलं. निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांना ताकद नकोच असते, आवाज हवा असतो. कंपनीच्या सायलेन्सरमधली आतली नळी काढली की गाडी कर्कश ओरडते आणि चालवणाऱ्याला वाटतं ती जास्त पळते. घड्याळ लावून पाहिलं तर उलट निघतं. कंपनीनं सायलेन्सरचं जे गणित बसवलेलं असतं ते मोडतं, कार्बोरेटरचा जेटही जुळत नाही. असे सायलेन्सर पोलिस उतरवून घेतात आणि पुढं रोडरोलरखाली घालून पेपरात फोटो देतात. मला त्यात वाईट काही वाटत नाही. कायद्यानं पाहिलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखा बदल करायला मनाईच आहे. म्हणून पोर्टिंगचं, म्हणजे भोकांना कानस लावायचं काम मी शर्यतीच्या गाड्यांवरच करतो, ज्या टेम्पोत घालून नेतात. पुण्या-नाशिककडे डर्ट ट्रॅक होतात, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतींत टू-स्ट्रोकचे वेगळे गट असतात. तिथं न्या, हवं तेवढं ओरडू द्या.

गाडी बांधून झाली की काम संपलं असं नवख्यांना वाटतं. खरं तर तिथून हवेचं काम सुरू होतं. कार्बोरेटर पेट्रोल मोजून देतो, हवा मात्र जशी असेल तशी घेतो. मे महिन्यात दुपारी 45 अंशांची हवा आणि जानेवारीत पहाटे 10 अंशांची हवा, यांत घनतेचा फरक बारा टक्क्यांचा आहे. थंडीत तेवढीच हवा जड होऊन आत जाते, जेटमधून येणारं पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण कोरडं पडतं, पिस्टन तापतो, आणि ट्यून केलेल्या गाडीला सहन करायला जागाच ठेवलेली नसते. म्हणून माझ्याकडे जाम गाड्यांची गर्दी लोकांना वाटते तशी उन्हाळ्यात होत नाही. ती होते डिसेंबर-जानेवारीत. गाडी उन्हाळ्यात बसवलेल्या जेटवर असते आणि मालक सकाळी सहाला पारोळ्याच्या रस्त्यावर मूठ पूर्ण पिळतो. हे गिऱ्हाइकांना पटवणं कठीण जातं. थंडीत इंजिन थंड राहणार, मग जाम कसं होईल? "जाम व्हई गई भाऊ, काहीच नही करं व्हतं," असं तोंड करून उभे राहतात.

तोरणमाळला उलटं. शहाद्याकडून घाट चढत अकराशे मीटरच्या वर गेलात की हवा खालच्यापेक्षा दहा टक्के विरळ होते, मिश्रण ओलं पडतं, गाडी घुसमटते. तिथं लोक कार्बोरेटर उघडून बसतात, लहान जेट टाकतात, आणि घाट उतरून खाली आल्यावर तो बदलायचं विसरतात. पुढचं काम माझं.

जेट ठरवायची पद्धत जुनीच आहे. रविवारी सकाळी एमआयडीसीत रस्ते रिकामे असतात. नवा प्लग लावायचा, गाडी गरम झाली की मूठ पूर्ण उघडून काही अंतर न्यायची, त्याच वेगात क्लच दाबून इंजिन बंद करायचं, आणि थांबून प्लग काढायचा. पोर्सेलीन तपकिरी असेल तर बरोबर. काळं आणि ओलं असेल तर जेट लहान करा. पांढरं आलं तर तिथून गाडी ढकलत परत आणा, चालू करू नका. पिस्टनच्या डोक्याची कड वाळवीनं खाल्ल्यासारखी दिसली तर टायमिंग किंवा कॉम्प्रेशन जास्त झालंय. आणि जेट तारेनं टोचून साफ करू नका. भोक मोठं होतं, वरचा नंबर तसाच राहतो, आणि मग पुढचा माणूस त्या नंबरावर विश्वास ठेवतो.

राजदूत 350 वर मी फार थोडं काम केलं. यामाहाची आरडी 350 इथं 1983 पासून एस्कॉर्ट्सनं या नावानं फरिदाबादला बनवली. जपानी गाडीची 39 अश्वशक्ती, आपल्याकडची कमी करून साडेतीस, आणि नंतरची त्याहून कमी, ॲव्हरेजसाठी. तरी ॲव्हरेज मिळालं नाहीच. खानदेशात ती कापसाचे पैसे आलेल्या घरांत दिसायची, आणि बहुतेक दोन वर्षांत गोठ्यात जायची. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, दोन पॉइंट. सगळं एकमेकांशी जुळलेलं पाहिजे. दोन स्लाइड एकाच क्षणी उचलल्या नाहीत तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत नेतं.

तिचं हे इंजिन पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. माझा पुतण्या धुळ्याचा, आता अमेरिकेत ॲरिझोनात नोकरीला. त्यानं तिथं जुनी यामाहा बॅन्शी घेतली. चार चाकांची, वाळूवर पळवायची गाडी, 1987 साली आलेली. आपल्याकडे ती कधी विकलीच गेली नाही. कॅलिफोर्नियात ग्लॅमिस नावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत, तिथं तिचं राज्य. त्यानं व्हिडिओ कॉलवर इंजिन दाखवलं आणि मी बोअर-स्ट्रोक विचारला. 64 आणि 54. 347 सीसी. राजदूत 350 चंही नेमकं हेच माप! आरडीच्याच घराण्यातलं, पाण्यानं थंड होणारं इंजिन त्यांनी चार चाकांवर ठेवलंय. "काका, तुम्हाला ओळखीचं वाटतंय का?" तो म्हणाला. वाटणारच.

त्याला सगळं एकदम करायचं होतं. दोन्ही बाजूंना पाइप, उघडा फिल्टर, टायमिंग पुढं, हेड घासलेलं. मी म्हटलं, आधी इंजिन कुठून श्वास घेतंय ते पाहू. टू-स्ट्रोकमध्ये चार्ज आधी क्रँककेसमध्ये येतो, त्यामुळे क्रँकचे ऑइल सील गेले की सगळं गणित कोसळतं. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गेलं तर गाडी गिअर ऑइल पिऊन पांढरा धूर काढते, हे दिसतं तरी. मॅग्नेटोच्या बाजूचं गेलं तर ती गुपचूप हवा ओढते, मिश्रण कोरडं होतं, आणि माणूस जेटवर जेट बदलत बसतो. मी दुकानात हे तपासायला रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र वापरतो. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरानं बंद करायचे, प्लगच्या भोकातून फुग्यानं हवा भरायची, काटा 300 पर्यंत न्यायचा. तो दाब सहा पौंडांच्या जरा खाली भरतो, आणि या कामाला तेवढाच हवा असतो. काटा काही मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. पडायला लागला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. या इंजिनात दोन सिलिंडरांच्या मधलं सील रबराचं नसतं, म्हणून दोन्ही एकत्रच तपासायचे. पुतण्यानं तिथं औषधांच्या दुकानातून यंत्र आणलं. मॅग्नेटोकडे फेस आला.

सील बदलल्यावर गाडी इतकी सुधारली की त्यानं पोर्टिंगचा विषयच काढला नाही. पाइप मात्र बसवले, त्याला कोण थांबवणार? एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर प्लग पाहायचा, मोठा जेट आधी आणि मग उतरत यायचं. त्याच्या फिनिक्सचं ऊन जळगावासारखंच असतं, त्यामुळे जेट कमी-जास्त करायचं तोंडी गणित मला इथूनच सांगता आलं. वाळूसाठी त्यानं फिल्टरवर तेलाचा हात दिला आणि डबा तसाच ठेवला, एवढं त्यानं माझं ऐकलं. आपल्याकडे हौसेनं फिल्टरचा डबा काढून फिरणारे आहेत, काळ्या मातीच्या धुळीतून, कापसाच्या वावरांतून. ती धूळ थेट बोअरमध्ये जाते आणि घासकागदाचं काम करते. बोअरिंगवाल्यानं त्याबद्दल तक्रार करणं बरं दिसत नाही.

अलीकडे पेट्रोलनंही सूर बदललाय. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. त्याचा ऑक्टेन चांगला, नॉकिंग कमी होतं, हे खरं. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं, सात-आठ टक्के. जुना कार्बोरेटर हे आपणहून ओळखत नाही. नव्या गाड्यांत सेन्सर सांभाळून घेतात, आरएक्समध्ये सेन्सर म्हणजे मीच. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी टाकी रिकामी न करता चालू करू नये.

गेली काही वर्षं गिऱ्हाईक बदललंय. 2000 नंतरच्या प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोक मोटरसायकली हळूहळू बंद झाल्या, आणि उरलेल्यांची किंमत चढली. आता लोक येतात ते उलट काम घेऊन, गाडी कंपनीतून निघाली तशी करून द्या म्हणून. कानशीनं खाल्लेलं भोक भरून येत नाही. जुनी स्लीव्ह काढायची, नवी बसवायची, आणि तिच्यात भोकं पुन्हा मूळ उंचीवर कापायची. त्यासाठी मूळ उंची ठाऊक हवी. कुणी कधी हात न लावलेला आरएक्सचा एक ब्लॉक मी फळीवर राखून ठेवलाय, मापापुरता. विकायला खूप जणांनी सांगितलं.

परवा रावेरकडचे एक आप्पा आले. केळीचे बागायतदार, आरएक्स त्यांनी स्वतः नवी घेतलेली. मधल्या काळात ती मुलानं चालवली, म्हणजे तिचं काय काय झालं असेल ते सांगायला नको. पोर्ट फाकलेले, हेड घासलेलं, ऑइल पंप काढून टाकलेला. आप्पांना सगळं मूळ हवं होतं. "पंप बी चालू कर बरं, ऑइल मोजणं आते मन्हाकडथून व्हत नही." नवी स्लीव्ह बसवली, भोकं कापली, पिस्टन-ब्लॉक रात्रभर फळीवर ठेवून सकाळी जुळवले, पंपाची केबल खुणेवर आणली, आतल्या नळीसकट कंपनीचा सायलेन्सर शोधून लावला. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. आप्पा शिरसोलीपर्यंत चक्कर मारून आले, स्टँडवर लावली, चष्मा पुसला. चढाला तिसऱ्यात ओढते म्हणाले, पहिल्यासारखी. पैसे मोजून दिले. मग जरा जवळ येऊन विचारलं, "सायलेन्सर थोडा मोकया व्हई का रे?"